माईकावरचं खोटं

सरांनी फावडी वाटली, टोपल्या वाटल्या. माझ्यापाशी आले आणि खराटा पुढं केला. म्हणाले, "तुला काय शिकवायचं? घरचंच काम आहे तुझं."

पोरं हसली. वाईट मनानं नव्हे, सहज. तेच जास्त लागलं. माझी आई परभणीच्या बाजारात पहाटे रस्ते झाडते, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मी खराटा घेतला.

आमच्या कॉलेजचं सेवा शिबिर होतं ते, पोखर्णीच्या अलीकडच्या एका गावात. गावाची सेवा करा, त्यातून आपली आवड सापडेल, आपण कोण आहोत ते कळेल, असं सर रोज सांगायचे. बाकीच्यांची कामं बदलायची. कुणी झाडं लावायचं, कुणी घरोघरी माहिती विचारत फिरायचं. माझी फक्त गल्ली बदलायची.

आवड मला सापडली होती, पण दुपारच्या सुट्टीत. गावचे रस्ते झाडणाऱ्या गयामावशीची सीमा सहावीत होती. माझ्याभोवती घुटमळायची. एकदा तिला भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक समजावले. "आस्सं व्हय!" म्हणून ती हसली आणि मला आतून फार बरं वाटलं. आयुष्यभर हेच करायचं, असं तिथंच ठरवलं.

शिबिर संपायच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं. एकेकानं माईकवर येऊन आपली आवड सांगायची होती. माझी पाळी आली तर सरांनीच माईक घेतला. "हिची आवड आम्हाला आधीच कळली. खराटा हिच्यासारखा कुणाच्या हातात बसत नाही. काय, खरं ना?" आणि माईक माझ्या तोंडाशी धरला.

शिकवायला आवडतं, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण मी म्हणाले, "हो सर. मला सफाईच आवडते."

टाळ्या पडल्या. मार्क सरांच्या हातात होते म्हणून तसं बोलले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. त्या टाळ्या मला गोड लागल्या होत्या. आईनं कंबर मोडेस्तोवर झाडून मला कॉलेजात घातलं, ते या एका वाक्यासाठी? अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयामावशी झाडायला आली. मागं सीमा. तिच्या हातात छोटा खराटा. शाळेची घंटा होऊन गेली होती.

"मावशी, हिची शाळा?"

"काल तूच म्हनलीस न्हवं? कालेज शिकून बी तुला हेच आवडायलंय. मग हिला कशाला बसवू शाळेत? आत्ताच हात बसंल."

"खोटं बोलले मी, मावशी."

"माईकावर, साऱ्या गावाम्होरं, कोन खोटं बोलतंय?"

ती झाडू लागली. सीमानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. धोंडा माझ्या पायावर पडला असता तर सोसलं असतं. मी तो त्या पोरीच्या पायावर पाडला.

त्याच संध्याकाळी समारोप होता. सरांनी मला पुढं बोलावलं. रिबीन बांधलेला नवा खराटा, बक्षीस म्हणून. मी तो घेतला नाही. माईक घेतला.

"काल मी खोटं बोलले. मला सफाई आवडत नाही. माझी जात बघून खराटा माझ्या हातात दिला. मला शिकवायला आवडतं."

"बस खाली," सर दबक्या आवाजात म्हणाले. कुणीतरी माईक बंद केला. मी तेच पुन्हा बोलले, ओरडून. एकही टाळी पडली नाही.

गयामावशी त्या गर्दीत नव्हती. दिवसभर राबून घरी पडली होती. जिनं ऐकायला हवं होतं, तिनंच ऐकलं नाही.

आता मी दर रविवारी ऑटोनं त्या गावाला जाते. गयामावशी चहा देते. मी पुन्हा तेच सांगते. ती "बघू" म्हणते. सीमा अजून शाळेत गेलेली नाही. अपूर्णांक विसरत चाललीय. माझे मार्क गेले, त्याचं काही नाही. पुढच्या शिबिरालाही मी जाणार आहे. खराटा पुन्हा आमच्यातल्याच पोरीला दिला, तर तो तिच्या हातातून काढून सरांच्या हातात ठेवणार आहे. आणि सीमा वर्गात जाऊन बसेस्तोवर गयामावशीचं दार मी सोडणार नाही. तिनं हाकललं तरी.