दंडूतली अक्का

आमच्या कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या बाईंनी एके दिवशी वर्गात विचारलं, "घरी मराठी कोण बोलतं?" मी हात वर केला. देशभरातले खेळाडू स्पर्धांसाठी बेंगळूरला येणार होते. संपंगी तळं बुजवून केलेल्या मैदानावर तयारी चालू होती. मुंबई-पुण्याकडच्या मुलींना गाव दाखवायला कुणीतरी हवं होतं.

"सगळं शहर ठाऊक आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो," म्हणाले मी.

ते धादांत खोटं होतं. मला ठाऊक होती ती आमची चिकपेट, मागची बळेपेट आणि कॉलेजचा रस्ता. कब्बन पार्कच्या पलीकडे पूर्वी गोऱ्यांची छावणी होती. त्या भागाला आमच्याकडे दंडू म्हणत. पेठेतल्या मुलींनी तिकडे जायचं काही कारणच नसे. सतरा वर्षांत मी तो भाग पाहिला नव्हता.

घरी येऊन अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खरं काय ते सांगितलं. अण्णा शिंपी. मशीन न थांबवता म्हणाले, "दोन आठवडे आहेत ना? बघून ये. पण एकटी नको, अक्काला घेऊन जा."

अक्का ही त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. दुकानातल्या कपड्यांची काजं करायची, बटणं लावायची आणि स्वयंपाकघर सांभाळायची. देवळापलीकडे ती कधी गेलेली मी पाहिली नव्हती. मनात आलं, आता हिलाही मलाच सांभाळावं लागणार.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. कब्बन पार्क ओलांडल्यावर मी रस्ता विचारायला एका पोलिसाकडे वळले, तर अक्का म्हणाली, "त्याला कशाला विचारतेस? इकडून जवळ पडतं." आणि चालायलाच लागली. मी मागोमाग. गुलमोहराखालचे रुंद रस्ते, कौलारू बंगले, चर्चची घंटा, एका बेकरीतून येणारा पावाचा वास. अक्का कुठेच अडखळत नव्हती.

कमर्शियल स्ट्रीटवर लेस आणि बटणांचं एक दुकान होतं. गल्ल्यावरचे म्हातारे मियाँ चष्मा सारखा करत उठून उभे राहिले.

"अक्का! कित्ते सालां के बाद आए!"

अक्कानं पदर सावरून त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली, तीही फर्ड्या दखनीत.

नंतर हलसूरच्या तळ्याकाठी बसल्यावर मी विचारलं, "अक्का, हे काय?"

"लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. तू रांगत होतीस. अण्णा विषमज्वरानं तीन महिने पडून होता. दंडूतल्या मडमांचे कपडे शिवून पडलेले. कारागीर पोचवतो म्हणायचा आणि टाळायचा. शेवटी मीच गाठोडं उचललं. पहिल्या दिवशी रडत परत आले. मग रस्ते कळायला लागले. येताना त्या मियाँकडून बटणं, लेस घेऊन यायचे."

"अण्णांना ठाऊक आहे?"

"नाही. तो बरा झाला, मी जायची थांबले." तळ्याकडे बघत म्हणाली, "आवडायचं मला. एकटीनं चालणं."

त्या रात्री जेवताना माझ्यानं राहवलं नाही, मी सगळं सांगून टाकलं. अक्का आत ताक घुसळत होती. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते हळूच म्हणाले. "तिच्या चपलांना कब्बन पार्कातली तांबडी माती असायची. पण मी विचारलं असतं, तर भाऊ म्हणून नको जाऊस असं म्हणावं लागलं असतं. पुढं ती थांबली, तेव्हा जा म्हणायला मात्र मला सुचलं नाही."

आतला रवीचा आवाज थांबला होता.

दोन आठवड्यांत आम्ही लालबागेपासून हेब्बाळच्या तळ्यापर्यंत हिंडलो. खेळाडू मुली आल्या, त्यांना मी ऐटीत फिरवलं. मी कानडी वळणानं "स्वल्प थांबा हं" म्हटलं की त्या खो खो हसायच्या. त्यांतल्या एका पुण्याच्या धावपटूला अक्काचा लळाच लागला. तिची शर्यत बघायला अक्काला मैदानावर घेऊन गेले. मुलगी चौथी आली आणि गवतावर बसून रडू लागली. अक्का पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेली आणि म्हणाली, "अगं, केवढी पळालीस! मी बघितलं ना."

पाहुण्या गेल्या. त्यानंतरच्या रविवारी मी पुस्तक घेऊन बसले होते, तेवढ्यात अक्का चपला घालून दारात उभी राहिली. "येतेस, की मी जाऊ?"

अण्णा मशीनवर होते. मान वर न करता म्हणाले, "ऊन व्हायच्या आत निघा."