इटलीणीला दिलेलं आवतण

या सदरातले गूढ अनुभव मी वाचते ते हसायला. आधीच सांगून टाकलेलं बरं. झरीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी सरली. अंगात आलं म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुलींना मी दुसऱ्या दिवशी उभं करून प्रकाशाचे नियम म्हणायला लावलेत. त्यामुळे खाली जे लिहितेय त्याचा सगळ्यात जास्त राग मलाच येतो... पण घडलं ते घडलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, गाव झरी, तालुका परभणी. आमच्या ह्यांच्याकडे एक जुनी इटालियन स्पोर्ट्स कार होती. हो, झरीत! हैदराबादला एका जहागीरदाराच्या कंपाउंडात, कडुनिंबाखाली धूळ खात पडलेली ह्यांना दिसली आणि आमच्या घरात सवत आली. रंग लाल, सीटा दोनच, आणि जमिनीला इतकी चिकटून की बैलगाड्यांच्या चाकोरीत पोट घासायची. गावाने तिचं नाव ठेवलं — इटलीण.

खोटं कशाला बोलू, चालायची तेव्हा सुख होतं. परभणीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फुललेल्या तुरी, हे शिट्टी वाजवत गिअर टाकताहेत, इंजिनाचा आवाज पोटात घुमतोय, आणि मी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून हसतेय. घरात तोंड न उघडणारा माणूस त्या सीटवर बसला की भडाभडा बोलायचा. पण ती चालायची कधी? ऊन वाढलं की पेट्रोल पाइपातच उकळायचं, पाऊस आला की वायरी ओल्या. पार्ट तर कुठेच मिळायचे नाहीत. परभणीच्या मेकॅनिक उस्तादांकडून लेथवर करून घ्यावे लागत. सुट्टीचा दिवस म्हणजे हे गाडीखाली आणि मी त्यांच्या पायांशी बोलतेय, असा आमचा संसार.

मग ते झालं. माझे वडील राणीसावरगावला असत. ते शेवटच्या घटका मोजताहेत असा निरोप आला. एस.टी. मिळत होती, पण हे म्हणाले, गाडीने लवकर पोचू. गंगाखेडच्या अलीकडे इटलीण बंद पडली. मागून तीच एस.टी. आली आणि हात करूनही न थांबता धूळ उडवत निघून गेली. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात फक्त बायका बसल्या होत्या. माणसं स्मशानातून परत निघाली होती. बाबांचं तोंड मला दिसलं नाही. मी रडलेसुद्धा नाही, इतका राग आला होता.

घरी आल्यावर मी बॉनेट उघडलं आणि डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून घेतली. इंजिनातल्या प्लगांना ठिणगी वाटून देते ती ही टोपी. ती नसेल तर गाडी सुरू होणं शक्यच नाही, हे मी कुणालाही फळ्यावर काढून दाखवीन. टोपी गव्हाच्या कणगीत खोल दाबली आणि ह्यांना सांगितलं, या घरात इटलीण राहील नाहीतर मी. थोड्याच दिवसांत पुण्याचं एक गिऱ्हाईक ठरलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस गाडी न्यायला येणार होता. तोवर रंग देऊन घ्यावा म्हणून ट्रॅक्टरला बांधून तिला परभणीला उस्तादांच्या गॅरेजात नेली. गोठ्याशेजारच्या तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला अडकवलेली स्टेपनी तेवढी मागे राहिली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोन्ही बैलांचं केलं आणि वाटीत उरलेलं हळद-तूप घेऊन त्या शेडमध्ये शिरल्या. स्टेपनीला दोन्ही हातांनी नीट चोळलं आणि म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी म्हणाले, आत्याबाई, ती विकली आता.

"इकली तर इकली. ह्या घरचं वझं वाहिलंय तिनं. जेवल्याबिगर कशी लावून देऊ?"

कसलं डोंबलाचं ओझं वाहिलं, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

दुसऱ्या दिवशी, अजून लख्ख उजेड होता तेव्हाच बैल वेशीतून सुटले. हे आमची जोडी घेऊन पुढे, मागे ताशे. मी दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी. बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, मान वर केली... तर बैलांच्या मागे, गल्लीत, इटलीण उभी. आत माणूस नाही.

आमचा सालगडी किसन बैलांच्या मागेच होता. मालकांनीच कुणाकडून तरी गाडी आणवली असेल, असं त्याला वाटलेलं. "येशीपासून आमच्या मागंच हाय की," म्हणाला, "आवाज तेवढा येत नव्हता."

मी ताट खाली ठेवलं आणि बॉनेटला हात लावला. गार. उघडून पाहिलं — टोपी नाहीच, वायरी लोंबताहेत. घरात पळाले, कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. टोपी जागेवर. परत आले तर टायरांना काळा चिखल दिसला, ओला. आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, बैलाचे खांदे आले असते तिथे, नव्या लाल रंगावर हळद-तुपाचे हात उमटलेले. आत्याबाईंनी हात लावला होता तो शेडमधल्या स्टेपनीला. गाडी तर तेव्हा परभणीत होती.

ह्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तवा न्हाई पोचली," म्हणाले. "आज आली बघ."

मला रडू फुटलं. दारात, सगळ्या गल्लीदेखत, बाबांसाठी... तेव्हा रडले नव्हते ते सगळं. आत्याबाईंनी नैवेद्याचं ताट माझ्या हातात दिलं. बैलांना भरवून झाल्यावर एक पुरणपोळी मी स्वतः तिच्या बॉनेटवर ठेवली. इतके दिवस धरून ठेवलेला राग होता, तो गेला.

उस्तादांना विचारलं. पोळ्याला त्यांची पोरं गावी गेलेली, गॅरेज बंद, कुलूप जसंच्या तसं. आत गाडी नाही म्हटल्यावर तेच घाबरून पोलिसांकडे निघाले होते. ट्रॅक्टरने ओढत आणली म्हणावं, तर वेशीवर गोळा झालेल्या एवढ्या माणसांपैकी एकानेही ट्रॅक्टर पाहिला नव्हता. कुणाची थट्टा म्हणावी, तर कणगीतली टोपी फक्त मला माहीत. आणि इतक्या वर्षांत कबूल करायला हरकत तरी काय होती?

पुण्याचा माणूस ठरल्याप्रमाणे आला. नका विकू, असं या खेपेला मीच म्हणाले. हे म्हणाले, शब्द दिलाय, आणि आता काय, जेवून चाललीय ती. टोपी मीच बसवली. मेली पहिल्या फटक्यात सुरू झाली!

स्टेपनी द्यायची मात्र राहूनच गेली. पुढे आत्याबाई गेल्या, मग हेही गेले. गोठ्यात आता बैल नाहीत, ट्रॅक्टर उभा असतो. त्या दिवसाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि शोधायचंही मी सोडून दिलंय. यंदा खांदेमळणीला पहिल्यांदाच एकटी त्या शेडमध्ये गेले. स्टेपनीवरची धूळ पुसली, हळद-तूप लावलं आणि आवतण दिलं. कुणाला, ते मलाही नक्की सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्तीच्या केल्या. कुणी आलं नाही. दिवस मावळेपर्यंत फाटक मी उघडंच ठेवलं होतं.