दहा मिनिटांत पोचते

आमच्या मावशी माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या. तरी पहिल्याच दिवशी मी त्यांना मावशी म्हणून टाकलं आणि त्यांनी मला ताई. एकदा नातं जुळलं की बाकी काही बोलावं लागत नाही, ही आम्हा लोकांची सोय. ठरलं होतं एवढंच: सकाळी आठला यायचं, माझ्या तान्ह्या लेकीला सांभाळायचं, संध्याकाळी पाचला जायचं.

मी हिंजवडीहून कंपनीच्या बसने बिबवेवाडीला परतायचे. खिडकीला डोकं टेकलं की डोळे मिटायचे, बस चालते आहे की थांबली आहे हेही कळेनासं व्हायचं. त्या पेंगेत मला घर दिसायचं. पडद्यातून आलेलं पिवळं ऊन, मावशींच्या मांडीवर लेक, तिच्या जावळातून फिरणारी त्यांची बोटं. फार गोड दिसायचं सगळं. मग मी फोन करायचे, "मावशी, दहा मिनिटांत पोचते हं." तेव्हा बस हिंजवडीच्या चौकातच असायची. घरी पोचेपर्यंत साडेसात. मावशी पिशवी खांद्याला लावून दारातच उभ्या. "बरं ताई, येते," एवढंच म्हणायच्या. मैत्रिणींना मी सांगायचे, आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या. दिवाळीला साडी दिली होती की!

एकदा ताप आला म्हणून घरी राहिले. औषधाच्या गुंगीत आतल्या खोलीत पडले होते. बाहेर झोळीची दोरी कुरकुरत होती, मावशी काहीतरी गुणगुणत होत्या, आणि झोळीत मीच आहे असं मला वाटत होतं. दुपार कधी सरली कळलं नाही. पाच वाजून गेले होते, पण मला उठवायला नको म्हणून त्या थांबल्या होत्या. मग गुणगुणणं थांबलं. मावशी दबक्या आवाजात फोनवर बोलत होत्या.

"रडू नको गं. काकूंनी दिलंय त्ये खा. निघालेच हाय मी. दहा मिनिटांत आलेच बघ."

त्यांचं घर खडकवासल्याला, दोन बस बदलून.

माझी झोप उडाली. ते वाक्य माझं होतं. त्यांना दुसरीतली मुलगी आहे हे मला ठाऊक होतं, पण ती संध्याकाळी कुणाकडे असते, हे वर्षभरात विचारायचं सुचलं नव्हतं. मला माझीच भयंकर लाज वाटली.

उठून बाहेर आले. "मावशी, तुम्ही पोचता तेव्हा ती जागी असते?"

"न्हाय ताई. शेजारच्या काकूंकडं झोपलेली असती. उचलून आनायची."

"मला बोलायचं नाही का?"

"काय बोलायचं? तुमची बसच उशिरा येती."

ऑफिसात सुट्टीच्या दिवशी एक फोन घेतला तरी बदली रजा मागणारी बाई मी.

दुसऱ्या दिवशी वहीचं पान फाडून समोरासमोर बसून सगळं लिहून काढलं. वाढीव पगार, आजारपणाची भरपगारी रजा, आजवर जास्त थांबल्याचे वेगळे पैसे. मावशी म्हणाल्या, "त्ये द्या, थांबलेय मी. पर पाच म्हंजी पाच करा. आन रविवार माझा." दोघींनी सह्या केल्या. मी पहिल्या पाळीची बस धरू लागले, सकाळी नवरा थांबू लागला. साहेबांनी तोंड वाकडं केलं. करू देत.

पहिल्या दिवशी पाचला पाच कमी असताना मी दारात हजर. मावशी घड्याळाकडे बघून बिचकल्याच. जिना उतरताना दोनदा मागे वळून बघितलं. गॅलरीतून मी त्यांना बसथांब्याकडे जाताना पाहत राहिले. रस्ताभर ऊन पसरलं होतं आणि त्यांची सावली त्यांच्यामागून लांबच लांब चालली होती. इतक्या दिवसांत त्यांना मी उजेडात घरी जाताना पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्याआल्या विचारलं, "काय मावशी, काल लेक खूश झाली असेल ना?"

त्या झबल्याची घडी घालत होत्या. "घाबरली ओ," म्हणाल्या. "दारात मला बघून म्हनली, आई, तुला कामावरनं काढलं का?"