सोळा टक्क्यांची बिअर आणि दादाचा प्रश्न

गेल्या रविवारी उदगीरला, सख्ख्या थोरल्या भावाच्या घरी, भर दुपारी मला चढली... आणि तीही बिअर. कॉलेजपासून बिअर पिणाऱ्या माणसाला हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं.

माझी पुतणी, म्हणजे दादाची लेक ऋतुजा, पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवते. फूड टेक्नॉलॉजी शिकली, आधी बिस्किटाच्या कंपनीत होती, दोन वर्षांपूर्वी ब्रुअरीत आली. दादाचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान आहे. तो भांडला नाही, ओरडला नाही... फक्त तिच्या कामाबद्दल विचारणं बंद केलं. फोनवर "जेवलीस का?" एवढंच.

ती सुट्टीवर आली म्हणून मीही नांदेडहून गेलो. खरं सांगायचं तर मला तिच्यापेक्षा तिच्या बाटलीची ओढ होती. इम्पिरियल स्टाउट, म्हणजे काळी कडक बिअर, सोळा टक्के अल्कोहोल, वर्षभर व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली. इन्स्टावर लोकांनी डोक्यावर घेतलेली, दुकानासमोर रांग लावून घेतलेली!

मटणाचं जेवण झालं आणि तिने ती बाटली दादासमोरच टेबलावर ठेवली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या.

"अप्पा, ही मी केलीय. एक घोट घेऊन बघा. न्हाई आवडली तर ठेवून द्या." ती म्हणाली.

दादा अगदी सोवळ्यातला नाही. तरुणपणी मित्रांबरोबर घेतलेली आहे. पण लेकीसमोर? शेवटी तो वहिनींना म्हणाला, "चार छोटे ग्लास आण."

काकवीसारखी काळी, दाट. वास कॉफीचा, गुळाचा, मध्येच मनुकांचा. पहिला घोट घेतला आणि मी मनात म्हटलं, वा! ऋतुजा सांगत होती, "काका, हळू. ही घोट घोट प्यायची असते." पण मी ग्लास संपवला आणि दुसरा भरून घेतला. बिअरच तर आहे...

वहिनींनी नुसता वास घेऊन ग्लास खाली ठेवला. दादाने मात्र एक घोट घेऊन तोंडात घोळवला. मोंढ्यात तो ज्वारीचा दाणा दाताखाली धरून माल कसा आहे ते सांगतो ना, अगदी तसाच चेहरा.

"ताकद लई हाय," तो म्हणाला. "पण धान्य कुठं गेलं ह्यात? नुसतं जळल्यावानी लागून राहिलंय."

ऋतुजाचा चेहरा उतरला. "बार्ली काळी होईपर्यंत भाजतो अप्पा, म्हणून तसं लागतं." थोडं थांबून म्हणाली, "हिच्यासाठी लोक रांग लावतात, मला अभिमान पण आहे. पण खरं सांगू? दिवसभर काम करून घरी गेल्यावर मी ही नाही पीत."

"मग काय पितीस?"

दोन वर्षांत तिच्या कामाबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं... मी त्यांच्याकडे.

ती उठली आणि बॅगेतून दुसरी बाटली घेऊन आली. लेबल नाही, काही नाही. चार टक्क्यांची, फिकट पिवळी. ट्रायल म्हणून केलेली, "हिला कोण विचारणार?" म्हणून वरच्यांनी बाजूला ठेवलेली.

दादाने घोट घेतला. पुन्हा एक घेतला.

"ज्वारी हाय ही."

"हाव, अप्पा."

"कुठून घेतली?"

"पुण्यातल्या होलसेलवाल्याकडून..."

दादाने ग्लास आपटलाच. "बापाचं आडत दुकान असून तू पुण्यातून ज्वारी घेतलीस?"

तो खरंच चिडला होता! आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग सुरू झालं. किती दिवस भिजवतेस, मोड कसे आणतेस, वाळवतेस कशावर... ती सांगत होती, तो खोदून खोदून विचारत होता. शेवटी ती म्हणाली, "एक अडचण आहे अप्पा. अर्ध्या दाण्यांना मोडच येत नाहीत. दोन महिने झाले, कळेना काय चुकतंय."

"तुझं काय चुकलं न्हाई. जुना माल दिलाय त्यानं तुला. जुन्या ज्वारीला मोड धड येत न्हाईत."

ऋतुजाचे डोळे भरले होते... ज्वारीमुळे नक्कीच नाही.

एवढं ऐकलं आणि मी सोफ्यावर आडवा झालो तो थेट संध्याकाळी चहालाच उठलो. डोकं दगडासारखं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लेकरं सुद्धा एवढी झोपत न्हाईत दुपारची."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा तिला मोंढ्यात घेऊन गेला. मीही गेलो मागे मागे. शेजारच्या आडत्याला हाक मारून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ही माझी पोरगी. बिअर बनवती पुण्यात. हिला यंदाची नवी ज्वारी दाखव, मोड येणारी."

आता तुम्ही विचाराल, अशा जहाल बिअरचा एवढा गाजावाजा खरा आहे का? चव मोठी आहे, मेहनतही मोठी आहे, नाही म्हणणार नाही. जेवणानंतर चौघांत वाटून, एकच छोटा ग्लास घ्या... दुसरा भरू नका. रोजची सोबत मात्र ती ज्वारीची साधीच करेल.

त्या सोळा टक्केवालीचा मी आभारी आहे तो वेगळ्याच कारणासाठी. ती दादाला आवडली नाही, हेच बरं झालं... आवडली असती तर तो "छान आहे" म्हणून, पुढचं काही न विचारता उठून गेला असता.