विश्वाच्या मापातला पासंग

माझ्या सासऱ्यांइतका संशयी माणूस डोंबिवलीत दुसरा झाला नाही. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी कल्याणच्या बाजारात जन्म घालवला. ते पेठेत शिरले की दुकानदारांचे तराजू आपोआप सरळ होत. रिटायर झाल्यावर तराजू सुटले, संशय राहिला. साखरपुड्याला आम्ही नेलेले पेढे त्यांनी आधी घरच्या काट्यावर ठेवले आणि माझ्या वडिलांना हसतमुखाने सांगितलं, "खोक्यासकट वजन केलंय हो तुमच्या हलवायाने." तरी मुलगी दिली, हे त्यांचे उपकार.

नव्वदचं दशक संपत आलेलं. पेपरात बातमी आली की दूरवर फुटणारे तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, म्हणजे ते जास्त लांब आहेत, म्हणजे विश्व दिवसेंदिवस जास्तच वेगाने फुगतंय आणि त्याला कसलीशी अज्ञात शक्ती ढकलतेय. सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "ढकलतंय कोण ते माहीत नाही, आणि माल पास? आधी काटा तपासा म्हणावं."

तेव्हापासून बागेतल्या कट्ट्यावरच्या पेन्शनरांची धडगत राहिली नाही. "शीळफाट्याला खडीमशिनजवळ उभे राहा. ट्रकचा दिवा मैलभर लांब वाटतो. दिवा लांब गेला का? मधे धूळ आहे." हे पटलं नाही तर, "जुना तारा न् नवा तारा सारख्याच वजनाचे कशावरून? लोखंडी किलोसुद्धा झिजतो." तेही नाही तर, "आमच्या मेहुण्याने टिटवाळ्याला माळावर ब्लॉक घेतलाय. म्हणतो, सगळं जग लांब गेलं. अरे, जग जागेवर आहे, तूच ओसाडीत जाऊन बसलायस! आपणही विश्वाच्या टिटवाळ्यात असू." एवढं होईपर्यंत कट्ट्यावर फक्त बहिरे कुलकर्णी उरत.

शेवटी त्यांनी मुंबईच्या एका संशोधन संस्थेला पत्रच धाडलं. विषय : ताऱ्यांच्या मापाची फेरपडताळणी. 'सदर मापावर शेवटचा शिक्का कधी मारला, ते कळवावे.' मग रोज दुपारी फाटकाशी उभे राहून पोस्टमनची वाट बघायची. सहा महिने गेले. कट्ट्यावर कोणीतरी विचारलं, "काय साहेब, विश्वाचं काय कळलं?" आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून सासरे जायचे बंद झाले. गुडघा दुखतो म्हणाले. बायको मला म्हणाली, "अहो, बाबा धड जेवत नाहीयेत. काहीतरी करा ना."

मी केलं. ऑफिसात बसून टाईप केलं : 'धुळीची शंका आम्हालाही आली होती. तपास चालू आहे. आपल्यासारखी शंकेखोर माणसं शास्त्राला हवीत.' खाली वाचता येणार नाही अशी सही ठोकली.

ते पत्र कट्ट्यावर तीनदा वाचलं गेलं. गुडघा बरा झाला. सासरे दोन पोळ्या जास्त खाऊ लागले आणि मी स्वतःवर जाम खूश झालो.

महिन्याभराने आम्ही दोघं मटार सोलत बसलेलो. ते मान वर न करता म्हणाले, "जावईबापू, मुंबईच्या पत्रावर डोंबिवली टपालाचा शिक्का. निदान ठाण्याला जाऊन तरी टाकायचं होतंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते सोलतच राहिले. "सगळ्या नोकरीत खोटं माप कधी पास केलं नाही," म्हणाले. "हे एवढं एक केलं."

आता ते नाहीत. ढकलतंय कोण, तेही अजून कळलेलं नाही. परवा पेपरात वाचलं की काही शास्त्रज्ञ ते तारे पुन्हा तपासायला बसलेत, मापातच चूक नाही ना ते बघायला. मी घाईघाईने कात्रण कापलं, चपला घातल्या आणि जिन्यात आल्यावर आठवलं, की दाखवायला कोणी नाही.