तांब्याएवढी तहान

माझ्या तोंडाचं आता बोळकं झालंय आणि नातवंडं त्यावर हसतात. मी म्हणते, हसा, पण बोळक्याला नावं ठेवू नका. तुम्ही आज कोल्हापुरात राहता ते बोळक्याच्या कृपेनं.

गोष्ट महाराजांच्या अमदानीतली. खासबागेत कुस्त्यांचं नवं मैदान झालं होतं, आणि त्याच सुमाराला आमच्या मालकांचा, म्हणजे तुमच्या आजोबांचा, गुडघा तालमीत निखळला. पैलवान गडी. गुडघा गेला म्हणजे कुस्ती गेली, आणि कुस्तीबरोबर खुराकही. शाहूवाडीकडून थोरल्या दिरांचा निरोप आला: पावसाळ्याआधी बैलगाडी पाठवतो, सामान बांधून ठेवा, भाताच्या लावणीला तेवढेच हात वाढतील. मालक रोज काठी टेकत तालमीच्या दारापर्यंत जायचे, तांबड्या मातीचा वास घ्यायचे आणि परत यायचे. ते बघून मी मनाशी ठरवलं, ही गाडी रिकामी परत पाठवायची.

मी तेव्हा एवढी शहाणी होते की मला सोडून सगळं कोल्हापूर खुळं वाटायचं. माझा विचार असा: गुडघा गेला तरी दंड शाबूत आहेत. बसल्या जागी बदाम घोटायच्या कुंडीत दांडका फिरवायला काय हरकत? नव्या मैदानात थंडाई विकू. तयारी कसून केली. बदाम भिजवले, खसखस निवडली, मिरे, वेलदोडे, बडीशेप, वर घट्ट दूध. माप ठरवलं माणशी एक तांब्या. का, तर लग्न झाल्यापासून मी एकाच माणसाला जेवूखाऊ घातलं होतं, आणि तो एका दमात तांब्या रिकामा करून मिशा पुसत विचारायचा, "अजून हाय का?" माझ्या लेखी माणूस म्हणजे तेवढा.

पहिला तांब्या दिला शेजारच्या कल्हईवाल्या चाचांना. चाचा किडकिडीत, त्यांच्याच भात्याच्या वाऱ्यानं उडतील असे. पण भिडस्त, दिलेलं उष्टं टाकायचं नाही म्हणून त्यांनी तळ गाठला. उठले, दोन पावलं चालले आणि आमच्याच भिंतीला टेकून झोपले. तिकडं दारात लोक भांडी घेऊन हाका मारतायत, भट्टी विझलेली. संध्याकाळी त्यांची बायको, आमची खाला, कमरेवर हात ठेवून आली.

"काय पाजलंस गं माझ्या मान्साला?"

मी तोऱ्यात सांगितलं, अस्सल बदामाची थंडाई. तिनं तांब्याकडं बघितलं, मग मालकांच्या छातीकडं, मग माझ्याकडं.

"अगं खुळे, तुझा नवरा कुस्ती खेळनारा. मैदानात येनार ती बघनारी. त्यास्नी एवढं पाजून निजवलंस, तर कुस्ती बघायची कुनी? तुझ्या कुंडीनं?"

मग तिनं स्वतः वाटीभर पिऊन बघितली, बरी लागली म्हणाली आणि नवऱ्याला हलवून घरी नेलं.

मला राग आला, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. बघणारी. पैलवान मी रोज बघत होते. बघणारी माणसं कधी बघितलीच नव्हती. बायका मैदानात जात नसत. पण कडेवर घागर असलेल्या बाईला, कुठं चाललीस, असं कुणी विचारत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. पुढच्या कुस्त्यांना मी पाण्यानं भरलेली घागर घेतली आणि सरळ आत गेले.

आत गेले आणि घागरीसकट थिजले. गावाकडं मी डोंगर बघितले होते. इथं एक डोंगर उलटा करून जमिनीत बसवला होता, आणि त्याच्या उतारावर गवताच्या जागी माणसं उगवली होती. जिथवर नजर जाईल तिथवर फेटे. तळाशी तांबड्या मातीचा हौदा, त्यात मुठीएवढे दिसणारे दोन पैलवान. हलगी थांबली. आणि एवढ्या माणसांत असं काही शांत झालं की खालच्यांचा श्वास मला वर ऐकू आला. खोटं वाटेल, आता माझं मलाही वाटतं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या गालावर माशी बसली होती, ती त्यानं हाकलली नाही. देवळातसुद्धा मी माणसं अशी एकचित्त बघितली नव्हती.  पापणी न लवणारी ही माणसं थंडाई काय घेणार?

तेवढ्यात एकाची पाठ मातीला लागली. फेटे आभाळात गेले. असा आवाज उठला की घागरीतलं पाणी थरथरलेलं माझ्या कमरेला कळलं. आणि लगेच, ओरडून सुकलेले ते सगळे घसे वळले. "बाई, पानी हाय काय?" चहूकडून ओंजळी पुढं आल्या. जो तो एक घोट घेई, तोही हौद्यावरची नजर न काढता, कारण पुढची जोडी उतरत होती. त्या जोडीनं हात मिळवायच्या आत घागर रिकामी. सगळ्यांची तहान एकदमच, आणि ती ओंजळीएवढी.

घरी आल्यावर मालकांनी आधी विचारलं, कुस्ती कुठल्या डावावर झाली? मला डाव कुठला ठाऊक!

"मग बघायला गेलतीस का झोपायला?"

"बघनारी बघायला गेलते," मी म्हटलं. गुडघा गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

कुंभाराकडून टोपलीभर बोळकी आणली. बदाम कमी केले, बडीशेप वाढवली, दुधाच्या जागी बरंचसं गार पाणी. मालकांनी एक बोळकं तळहातावर ठेवलं, तर ते बोटांत हरवलं. "ह्यात काय, चिमनी पाजायची?" म्हणाले, पण कुंडी पुढं ओढली.

आम्हाला जागा मिळाली वरच्या भिंतीच्या सावलीत. तिथून हौदा दिसत नव्हता. दिसत होत्या माणसांच्या पाठी. हे ह्यांना कसं सोसवणार, याची मला धास्ती. हलगी थांबली, ती शांतता परत उतरली, आणि ह्यांनी दांडका थांबवला. डोळे मिटून ऐकत राहिले. काय ऐकत होते, मला आजही सांगता येणार नाही. मला तर नुसती पाठींची भिंत दिसत होती. मग हळूच म्हणाले, "भर. आता कुनीतरी पडतंय."

मी बोळकी भरली. शेवटचं भरेपर्यंत फेटे उडाले, आणि ती सगळी भिंत तोंड करून आमच्याकडं वळली. मी हात जोडायची तेवढी राहिले. कुणाला, त्या गर्दीला की कुंडीमागच्या माणसाला, कोण जाणे.

पावसाळ्याआधी गाडी आली. दीर उतरले आणि बांधलेलं सामान शोधायला लागले. मालकांनी त्यांच्या हातात बोळकं दिलं. ते एका घोटात संपवून दीर म्हणाले, "एवढंच?"

"बसा की," मालक म्हणाले. "अजून हाय."

गाडी अगदीच रिकामी गेली नाही. तिच्यात मी तो तांब्या घालून दिला.