तीन मिनिटांत कोंबलेली गवळण

दौंडला गाडी बदलली आणि सकाळी नगर स्टेशनात उतरलो. चहूकडे उघडं रान, कोरडा वारा. आपल्या गावी कुठंही उभं राहिलं तरी समुद्राची गाज येते; इथं कान उगीचच ती शोधत राहिले.

मुलांनो, गाण्याच्या कंपनीत काय चालतं ते लिहून पाठव, असं गुरुजींनी कळवलंय. माझी शाळा पाचवीतच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मुंबईत साहेबांनी मला ठेवून घेतलं तेच मुळी गुरुजींच्या चिठ्ठीवर. नाही कसं म्हणू?

गाण्याची तबकडी लाखेची असते. लढाईमुळे लाख मिळेनाशी झाली आहे. म्हणून दुकानदारानं जुन्या तबकड्या परत केल्या, तरच त्याला नव्या मिळतात. जुन्यांचा चुरा करून त्यातूनच नव्या दाबतात. तो जुना माल आणायला मला धाडलं होतं. "यादीतली एकही कमी पडता कामा नये," असं साहेबांनी दोनदा बजावलं होतं. मी यादी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून सारखी चाचपत होतो.

नगरजवळच्या सोनईचे दुकानदार घड्याळं दुरुस्त करत आणि गाणीही विकत. त्यांनी गठ्ठा पुढं सरकवला. "घ्या. हिच्या तर दोनच खपल्या."

वरच्या तबकडीवर नाव होतं, कोंडाबाई जामखेडकर. तबकडी वाजवायचा चावीचा बाजा माझ्याबरोबर होताच. लावून पाहिली. गवळण होती. आवाज असा, की मी तिसऱ्यांदा लावली तेव्हा दुकानदार हसले. "बाई हाय की अजून जामखेडात. तिनं सोता कुठं ऐकलीया? घरी बाजा न्हाई, आन् कंपनीनं तबकडी धाडली न्हाई."

मला पुढं जामखेडलाच जायचं होतं. ठरवलं, चुरा व्हायच्या आधी बाईंना त्यांचा आवाज ऐकवायचा.

लढाईमुळे पेट्रोलही मिळेना, म्हणून बस कोळशाच्या गॅसवरची. चढ आला की थांबे, ड्रायव्हर उतरून मागची शेगडी ढोसे. तबकडी धोतरात गुंडाळून मी मांडीवर धरली होती. शेजारचे आजोबा म्हणाले, "पावनं, तान्हं पोर हाय का काय? जरा हवा तरी लागू द्या त्येला!"

कोंडाबाई ओट्यावर हुलगे पाखडत होत्या. पन्नाशीच्या असतील. शेजारी त्यांचे भाऊ, तात्या. तबकडी पाहून तात्या म्हणाले, "एवढ्याशा ताटलीत आमची आक्का बसली व्हय?"

बाजा मांडला, पाहतो तर काय, सुयांची डबी सोनईलाच राहिली होती! तात्या उठले, कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मोडून आणला, चाकूनं तासला. सुईच्या जागी तो बसवला. आवाज बारीक, पण स्वच्छ निघाला.

कोंडाबाई सूप धरून ऐकत राहिल्या. गाणं थांबलं.

"सपलं?"

"तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटंच मावतात, मावशी."

"गाताना साहेब घड्याळ घिऊन म्होरं हुबा. बोट वर केलं की आवरायचं. गाऊन झाल्यावर म्हनलं, मला ऐकवा. तर म्हने, मेण खराब व्हतं."

ते खरं आहे. गाणं आधी मेणाच्या जाड थाळीवर कोरलं जातं. ती वाजवली तर रेघा पुसतात. ती तशीच कारखान्यात जाते, तिच्यावरून तांब्याचा साचा होतो आणि साच्यावरून तबकड्या. गाणाऱ्याला आपलं गाणं सगळ्यात शेवटी कळतं.

"इतकी वर्सं मला वाटलं, माझाच गळा बसला म्हून खपली न्हाई," बाई म्हणाल्या. "गळा बरा हाय की! पर बया, ही पळती कुठं?"

"बाजार गाठायला, आक्का!" तात्या म्हणाले.

त्या हसल्या, सूप बाजूला ठेवलं आणि तीच गवळण आपल्या चालीनं म्हणाल्या. एकेका ओळीवर बसत, परत फिरत. ओट्यावरची सावली अंगणात उतरली तरी त्या गातच होत्या. माझा बाजा नुसता वाजवायचा. त्याला ऐकून ठेवता येत नाही.

निघताना मी तबकडी पुढं केली. "ठेवून घ्या. फुटली म्हणून सांगेन साहेबांना."

"माझ्यापायी लबाडी करतोस व्हय रं? आन् वाजवू कशावर, चुलीवर? ने. तिच्यातनं कुनाचं तरी निवांत गानं निघू दे."

मुंबईला यादी पुरी भरली. साहेब खूश झाले. त्यांचे उपकार मोठे आहेत. गठ्ठा चुऱ्याला गेला. तुमच्याकडे कुणाच्या घरी नवी तबकडी वाजली, तर तिच्यात असे जुने आवाज दळलेले असतात, एवढं ध्यानात ठेवा.

त्यांची सावकाश गवळण मी एकदाच ऐकली, तबकडी चारदा. खोलीत एकटा असलो की ती ओट्यावरची आठवून म्हणायला बघतो. पहिली ओळ बरोबर येते. दुसरीला मी पळायला लागतो.